पोटात ठेवलेलं

माझ्या मामाचं सलून एका खुर्चीचं. दुसरी खुर्ची घे म्हणून सगळे मागे लागायचे, तर म्हणायचा, "शेजारी कुणी बसलं की माणसं मोकळं बोलत नाहीत." कानामागे वस्तरा फिरत असताना लोक त्याला काय काय सांगत. कुणाचं लग्न मोडकळीला आलंय, कुणाचा धंदा बसलाय. मामा स्वतः हवापाण्यापासून राजकारणापर्यंत अखंड बडबडायचा, पण खुर्चीतलं अवाक्षरही त्याच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. 'पोटात ठेव' असं त्याला सांगावंच लागत नसे.

म्हणून त्याचं पोट दुखायला लागलं तेव्हा मी आधी हसलेच. "अख्ख्या गल्लीचं पोटात ठेवलंस, आता अजीर्ण झालं." मग त्याचं जेवण तुटलं, पँट कमरेवर राहीना, आणि एका सकाळी गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून आरशात बघताना त्याला स्वतःचे डोळे पिवळे दिसले. माझी थट्टा तिथेच संपली.

सोनोग्राफीत स्वादुपिंडापाशी काहीतरी संशयास्पद दिसलं. गाठ असू शकते, असं डॉक्टर म्हणाले. मामानं मला जिन्यात गाठलं. "मामीला बोलू नकोस. तिला मी ॲसिडिटी सांगितलीय. उगाच हाय खाईल." त्याच संध्याकाळी मामीनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. तिनं परस्पर डॉक्टरांना फोन करून सगळं काढून घेतलं होतं. "यांना कळू देऊ नकोस हं. ॲसिडिटीच आहे असं वाटतंय त्यांना."

मला दोघांचाही भयंकर राग आला. जन्मभर एकत्र संसार केलेली ही माणसं जेवायला समोरासमोर बसून ॲसिडिटीवर चर्चा करायची. "तिखट कमी कर जरा." "हो ना, तिखटानंच होतं ते." आणि मी मधे बसून घास चिवडायचे. इकडे आड, तिकडे विहीर.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून सोनोग्राफी करायची ठरवली. "पोटावरून बघताना आतड्यातली हवा आड येते," त्यांनी समजावलं. "या दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचं छोटंसं यंत्र असतं. तोंडावाटे जठरात उतरलं की स्वादुपिंड भिंतीपलीकडेच. अगदी जवळून दिसतं. गरज वाटली तर सुईनं नमुनाही घेता येतो."

"म्हणजे ॲसिडिटी नीट दिसेल ना?" मामानं विचारलं, मामीकडे बघत. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

त्याला गुंगीचं औषध देऊन आत नेलं. मामी बाकावर पर्सचा पट्टा पिळत बसली. मलाही भीती वाटत होती, पण मामा समोर नसतानाही ॲसिडिटीचं सोंग आमच्यानं सुटेना.

शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "गाठ नाहीये. पित्तनळीत बारीक खडा अडकलाय, त्यामुळे सूज आलीय. दुसऱ्या दुर्बिणीनं तो काढून टाकू."

मामी "बरं" एवढंच म्हणाली आणि भिंतीला धरून उठली.

आत मामा डोळे मिटून कुशीवर पडला होता. मामीनं हात लावताच त्यानं तो घट्ट धरला. "सिस्टर," जड जिभेनं तो म्हणाला, "बाहेर माझी बायको बसलीय. गाठ निघाली असेल तर आज तिच्या कानावर घालू नका."

मामी त्याला 'अहो' म्हणते, नाव कधी घेत नाही. इथल्या सिस्टर त्याला 'काका' म्हणत होत्या. मामीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"नाही सांगत, काका. पण गाठ नाहीये. खडा आहे, काढता येतो."

सख्ख्या नवऱ्याला काका म्हणणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. मला हसूही फुटत होतं आणि रडूही.

"नक्की?" मामानं विचारलं.

"नक्की, काका."

"मग हे मात्र तिला लगेच सांगा." त्याचे डोळे अजून मिटलेलेच होते. "तिला सगळं माहितीय. रोज रात्री पाठ फिरवून रडते. तिला वाटतं, मी झोपलोय."

"अहो," मामी म्हणाली.