फुटलेलं रिव्हॉल्व्हर आणि तयार कबुली

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. नावं आठवतात तर चेहरे आठवत नाहीत, आणि चेहरे आठवले तर निकाल काय लागला ते आठवत नाही. हे एक प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. संबंधित माणसं आजही आसपास राहतात, म्हणून नावं घेत नाही.

मी मूळचा नागपूरचा. शिकायला अमेरिकेत आलो, इथलाच झालो आणि ह्यूस्टनच्या परिसरातल्या एका पोलीस खात्यात भरती झालो. एवढं शिकून पोरगा पोलिसात कशाला गेला, हे कोडं आईला शेवटपर्यंत सुटलं नाही. पुढे मी तपास शाखेत आलो. आमच्या हद्दीत मराठी वस्ती वाढत गेली, पण मराठी माणसाचा गुन्ह्याशी संबंध क्वचितच यायचा. आला तर चोरीला गेलेली गाडी किंवा शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडण, इतपतच.

उन्हाळ्यातल्या एका शनिवारी सकाळी गावाबाहेरच्या शूटिंग रेंजवरून फोन आला. नेमबाजी करताना एका माणसाच्या हातात रिव्हॉल्व्हर फुटलं होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा जखमीला हॉस्पिटलला नेलं होतं. रेंज बंद करून सगळ्यांना बाजूला बसवलं होतं. बाकावर सत्तरीचे एक गृहस्थ नुसत्या गंजीवर बसले होते. स्वतःचा शर्ट फाडून त्यांनी जखमीचा हात बांधला होता. मला बघून ते आधी इंग्रजीत बोलले, मग माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून मराठीत म्हणाले, "काडतुसं माझी होती. मी घरी भरलेली."

हे गृहस्थ तेल कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला राहणारे. जखमी झालेले त्यांचे जुने मित्र, पेशाने डॉक्टर. दोघांनाही नेमबाजीचा नाद. डॉक्टरांचा जुना, इंजिनिअरांचा निवृत्तीनंतरचा. रिव्हॉल्व्हर निवडायला इंजिनिअरांनी कित्येक महिने घेतले होते. दुकानं पालथी घातली, रेंजवर भाड्याने वेगवेगळी घेऊन मारून पाहिली, नळीची लांबी, वजन, मुठीचा आकार सगळं तोललं, आणि शेवटी चव्वेचाळीस मॅग्नम या मोठ्या, जोरकस काडतुसाचं लांब नळीचं अवजड रिव्हॉल्व्हर घेतलं. शिकारीत त्यांना रस नव्हता. शंभर यार्डांवरची लोखंडी थाळी वाजली की झालं. पण दुकानातल्या पूर्ण ताकदीच्या काडतुसांनी त्यांचं मनगट भरून यायचं. म्हणून ते काडतुसं घरी भरायला शिकले. वापरलेली पितळी पुंगळी साफ करायची, बुडाशी आघाताने पेटणारी नवी टोपी बसवायची, मोजून दारू भरायची आणि वर गोळी बसवायची. इथे हा छंद कायदेशीर आहे, अनेक जण करतात. सरावासाठी हलकी काडतुसं आणि लांबच्या नेमासाठी जोरकस, असे दोन प्रकार ते भरत. दोन्हींसाठी दारू वेगळी लागते. हलक्या काडतुसाची दारू झपकन जळते, जोरकसाची सावकाश. ही अदलाबदल जिवावर बेतते.

डॉक्टरांच्या डाव्या हाताचा अंगठा गेला होता आणि गालात धातूचे तुकडे घुसले होते. संरक्षक चष्म्यामुळे डोळे वाचले. आम्ही रिव्हॉल्व्हरचे तुकडे आणि उरलेली काडतुसं मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतली, जबाब नोंदवले आणि अपघाताची नोंद केली. एरवी प्रकरण तिथेच थांबलं असतं.

सोमवारी ठाण्यात माझ्यासाठी फोन आला. बोलणारा मराठी होता.

"नाव नाही सांगणार. पण तो ॲक्सिडेंट नव्हता, एवढं लक्षात घ्या."

"कशावरून म्हणता?"

"मागच्या महिन्यात एका गेट-टुगेदरला दोघांचं जोरात वाजलं. ते इंजिनिअर डॉक्टरला म्हणाले, परत माझ्या घरात पाय ठेवलास तर बघ. वीसेक लोकांसमोर, यार. आणि आता त्यांनीच भरलेली गोळी, त्यांचीच गन, आणि पहिल्यांदा मारायला दिली डॉक्टरला."

"भांडण कशावरून झालं?"

"ते नाही ऐकलं मी," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

खबर देणारा बहुधा खोटं बोलत नाही. त्याने जेवढं ऐकलं तेवढंच तो सांगतो. न ऐकलेला भाग शोधणं हे आपलं काम. मी चौकशी केली. भांडण झालं होतं, धमकीही खरी होती, पण कारण कोणालाच सांगता येईना. डॉक्टर शस्त्रक्रियेनंतर गुंगीत होते.

माझी सहकारी डिटेक्टिव्ह टेक्सासचीच, बंदुका बघत वाढलेली. ती म्हणाली, "दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपण मारायचं नाही, हा पहिला नियम. डॉक्टर इतकी वर्षं या छंदात आहेत. त्यांनी का मारलं?"

प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि संशय बळावला. उरलेली काडतुसं उघडली तेव्हा आत दोन प्रकारची दारू मिसळलेली निघाली. भिंगाखाली एकीचे कण चपटे, दुसरीचे बारीक गोल. दोन्ही काळपट, त्यामुळे साध्या नजरेला पटकन कळू नये अशी.

इंजिनिअरांना ठाण्यात बोलावलं. गप्प राहण्याचा आणि वकील घेण्याचा त्यांचा हक्क वाचून दाखवला. वकील नको म्हणाले. बाहेर कुठे भेटले असते तर मी त्यांना सहज काका म्हटलं असतं. त्या खोलीत ते शक्य नव्हतं. संभाषण रेकॉर्ड होतंय आणि मराठीत बोललात तरी त्याचं भाषांतर होईल, हेही मी सांगितलं.

"डॉक्टरांशी भांडण झालं होतं?"

"झालं होतं."

"कशावरून?"

"घरगुती. त्याचा याच्याशी संबंध नाही."

"मग त्यांना रेंजवर का बोलावलंत?"

"समेट करायला. जुना मित्र आहे हो. म्हटलं, नवीन रिव्हॉल्व्हर आहे, पहिला मान तुझा. तो म्हणाला, तू भरलेलं आहे ना, मग बघायची गरज नाही." एवढं सांगून त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला.

मी अहवाल त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो नीट वाचलाही नाही. "माझीच चूक. मीच मिसळली दारू. लिहून घ्या, सही करतो."

"कुठली बाटली कुठल्या बाटलीत ओतलीत?"

ते थांबले. "हलकी... जोरकसमध्ये. नाही, उलटं बहुतेक."

"रिकामी बाटली कुठे आहे?"

"कचऱ्यात टाकली."

माझे वरिष्ठ म्हणाले, "कबुली आहे, धमकी आहे, आणखी काय हवं?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण मला ती कबुली खटकत होती. गुन्हेगार कबूल होतो तेव्हा तो आधी थोडा झगडतो. चूक केलेला माणूस ती कशी झाली हे सांगत सुटतो. आम्ही थांबवलं तरी थांबत नाही. आणि हा माणूस तर जन्मभर मापं घेण्यात घालवलेला. कोणत्या बाटलीतून कुठे ओतलं हे त्याला आठवू नये? मी घराची झडती होईपर्यंत वेळ मागितला. माझ्या सहकारी डिटेक्टिव्हने माझी बाजू घेतली, म्हणून तो मिळाला, आणि तोवर इंजिनिअरांना घरी जाऊ दिलं. तिचे आभार मी तेव्हा धड मानले नाहीत, पुढे मानले.

वॉरंट घेऊन आम्ही गेलो. गॅरेजमधलं काडतुसं भरायचं टेबल इतकं स्वच्छ होतं की दवाखाना वाटावा. हत्यारं जागच्या जागी, डब्यांवर लेबलं. सहकारी तिथे फोटो काढत होती. घरात इंजिनिअरांच्या पत्नी होत्या. त्यांनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि चहा ठेवला.

"तुम्ही नागपूरचे ना? बोलण्यावरून कळतं हो," त्या म्हणाल्या. प्रेमळ, बोलक्या. चहा उकळेपर्यंत त्या ओटा आवरू लागल्या. तुरीच्या डाळीची अर्धी बरणी उचलली आणि मसुराच्या अर्ध्या बरणीत ओतली. बरणी हलवून सारखी केली, झाकण लावलं. रिकामी बरणी धुवायला सिंकमध्ये ठेवली.

"काकू, त्या दोन वेगळ्या डाळी होत्या ना?"

"असू दे हो. अर्धे अर्धे डबे उगाच जागा अडवतात. ह्यांचंही तेच. गॅरेजभर अर्ध्या अर्ध्या बाटल्या. मीच आवरते."

मी वळून पाहिलं. दारात इंजिनिअर उभे होते. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "प्लीज, तिला काही विचारू नका."

मी काकूंना दारूबद्दल काही विचारलं नाही. फक्त म्हणालो, "काकू, रिकाम्या बाटल्या कुठे ठेवता?" त्यांनी आनंदाने सिंकखालचं कपाट उघडलं. आत धुऊन पुसून ठेवलेल्या बरण्या आणि बाटल्या होत्या, आणि त्यांत एक काळी प्लास्टिकची बाटली. तिचं लेबल अर्धवट खरवडलेलं होतं आणि आत परसात पेरायला ठेवलेलं मेथीचं बी होतं. कचऱ्यात टाकली म्हणून सांगितलेली, झपकन जळणाऱ्या दारूची हीच ती बाटली.

चहा तसाच राहिला. मागच्या अंगणात दोन खुर्च्या टाकून मी इंजिनिअरांसमोर बसलो. हक्क पुन्हा वाचून दाखवले, रेकॉर्डर सुरू केला. या वेळी मला प्रश्न विचारावे लागले नाहीत.

गेल्या वर्षभरात काकू विसरायला लागल्या होत्या. आधी शब्द, मग रस्ते, मग गॅस बंद करणं. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. त्या गेट-टुगेदरला त्यांनी इंजिनिअरांना बाजूला घेऊन सांगितलं, "वहिनींना दाखवायला हवं. उशीर करू नकोस." इंजिनिअर भडकले. पाय ठेवलास तर बघ, ही त्या भांडणातली धमकी.

"मला वाटलं, एकदा कागदावर आजाराचं नाव लागलं की तिला माझ्यापासून नेतील," ते म्हणाले. "रेंजवरून घरी आलो, तर ही स्वयंपाकघरात दोन अर्धे डबे एकात ओतत होती. तेव्हा कळलं. भरताना मी फक्त लेबल बघितलं होतं. आत काय आहे ते बघितलंच नाही. हिला पोलिसांनी विचारलं असतं तर ही घाबरली असती. आणि घाबरण्याचं कारण दुसऱ्या दिवशी विसरली असती, पण भीती राहिली असती. त्यापेक्षा मी तुरुंगात गेलेलो बरा, असं वाटलं."

"तुम्ही तुरुंगात गेल्यावर काकूंचं काय झालं असतं?"

 ते रडू लागले. मी रेकॉर्डर बंद केला.

त्याच आठवड्यात डॉक्टर बोलण्याच्या स्थितीत आले. त्यांच्या हाताला कोपरापर्यंत बँडेज होतं. मला त्या भेटीची धास्ती होती. अंगठा गमावलेला माणूस काय बोलेल, सांगता येत नाही. मी सगळं सांगितलं.  मग त्यांनी विचारलं, "वहिनींना कळलंय?"

"नाही."

"कळवू नका. आणि त्या गाढवाला सांगा, मी घरी आलो की पहिली अपॉइंटमेंट मी घेणार. या वेळी पाय ठेवू दिला नाही तर दार फोडीन."

डॉक्टरांचा जबाब, ती काळी बाटली, प्रयोगशाळेचा अहवाल आणि इंजिनिअरांचं दुसरं निवेदन असं सगळं सरकारी वकिलांपुढे ठेवलं. हेतू नव्हता हे स्पष्ट होतं. पहिल्या जबाबात ते खोटं बोलले होते. त्यावर कारवाई करता आली असती, पण सरकारी वकिलांनी सगळं वाचून फाईल बंद केली. इंजिनिअरांनी टेबल, यंत्रं, उरलेली दारू आणि घरातली बाकीची हत्यारं काढून टाकली. गॅरेजला कुलूप लागलं. काकूंवर उपचार सुरू झाले. त्यांना कोणीही कुठे नेलं नाही. दिवसा मदतीला एक बाई येऊ लागली, आणि मराठी मंडळींनी जेवणाच्या डब्याच्या पाळ्या लावल्या. त्या पाळ्या लावायला सगळ्यांत पुढे होता तो आवाज मी ओळखला. फोन करणाऱ्याचाच होता.  

नकार देणाऱ्याची आम्ही दहा वेळा फेरतपासणी करतो आणि कबूल होणाऱ्याचे आभार मानतो. या प्रकरणानंतर मी कबुलीही तितक्याच बारकाईने तपासू लागलो. पुढे त्यामुळे एकदोन निरपराध माणसं वाचली. माणूस खोटं बोलतो ते नेहमी स्वतःला वाचवायलाच, असं नसतं. हे मला पुस्तकातून कळलं नसतं. त्या स्वयंपाकघरात बसायला मिळालं, आणि काकूंचं बोलणं माझ्या आईच्या भाषेत होतं, म्हणून कळलं. या नोकरीने मला पुष्कळ वाईट बघायला लावलं. पण अशी माणसंही तिनेच दाखवली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

निवृत्तीनंतर एकदा रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. डॉक्टर तिथेच होते. दर रविवारी असतात. काकू त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. मी कोण हे त्यांना आठवलं नाही, पण चहा हवा का ते विचारलं. मग त्यांची नजर डॉक्टरांच्या डाव्या हातावर गेली. त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"अगंबाई, हे काय झालं हो तुमच्या हाताला?"

इंजिनिअरांनी मान खाली घातली. डॉक्टर सहज म्हणाले, "गाडीच्या दारात सापडला, वहिनी. जुनी गोष्ट आहे. आता दुखत नाही."

"जपत जा हो," काकू म्हणाल्या आणि त्या जागेवरून हळुवार हात फिरवत राहिल्या.

निघताना मी डॉक्टरांना विचारलं, त्या हे नेहमी विचारतात का. "दर रविवारी," ते म्हणाले. "आणि दर रविवारी मी हेच सांगतो."