एक सीट विमानात, दोन जागा बोटीवर

ऑगस्टातली शनिवारची सकाळ होती. लंडनच्या हाउन्सलो भागातल्या आमच्या घरामागे जी वीतभर बाग आहे, तिथे मी गुडघे टेकून वेल उपटत बसले होते. शेजाऱ्यांच्या कुंपणावरून येणारा पांढऱ्या फुलांचा हा वेल कितीही काढला तरी पुन्हा येतो. हे आतून फोन घेऊन आले आणि माझ्यासमोर नुसते उभे राहिले. फोन चालू होता. पलीकडून आमच्या लेकीचा आवाज येत होता, पण ती बोलत नव्हती, श्वास घेत होती.

तिचा नवरा गेला होता.

आमचा जावई ग्रीसमधल्या नाक्सोस बेटाचा. तिथल्या हॉटेलांचे एसी आणि घराघरातले फ्रिज दुरुस्त करायचा. लेक मैत्रिणींबरोबर सुट्टीला गेली असताना तिच्या खोलीतला एसी बिघडला, आणि ओळख झाली ती तशी. ईलिंगच्या एका क्लिनिकमधली फिजिओथेरपिस्टची नोकरी सोडून ती लग्नानंतर तिकडेच राहिली. सुरुवातीला आम्हाला ते जड गेलं. मग तो इकडे आला, त्याने आमचा कुरकुरणारा फ्रिज सरकवून त्याच्यामागे तासभर डोकं घातलं, आणि यांचं मत बदललं. मराठीतलं त्याला एकच वाक्य येत होतं, 'जेवलीस का?' ते तो मलाही विचारायचा, यांनाही विचारायचा, आणि दारात आलेल्या पोस्टमनलाही त्याने एकदा विचारलं होतं.

आदल्या दिवशी एका हॉटेलच्या गच्चीवर काम करताना डोकं दुखतंय म्हणून तो सावलीत बसला. बेटावरच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत शुद्ध गेली होती. मेंदूतली शीर फुटली होती. पहाटे तो गेला. पस्तिशीही पुरती गाठली नव्हती त्याने.

दफन दुसऱ्याच दिवशी करायचं ठरलं होतं. तिकडे फार थांबत नाहीत, आणि उन्हाळा होता. खरं तर सकाळीच व्हायचं, पण लेकीच्या सासऱ्यांनी गावातल्या धर्मगुरूंकडे जाऊन आमच्यासाठी ते संध्याकाळवर ढकलून घेतलं. लेकीने आम्हाला एवढंच सांगितलं की संध्याकाळपर्यंत या.

हीथ्रोहून अथेन्सची तिकिटं मिळाली. हे निवृत्त होईपर्यंत हीथ्रोवरच कार्गोत होते, कोणाला विचारायचं ते त्यांना ठाऊक होतं. अडचण होती ती अथेन्सच्या पुढची. तिथून नाक्सोसला जायला दोन वाटा. एक पंख्याचं छोटं विमान, जे तासाच्या आत पोचवतं. दुसरी पिरेयसच्या बंदरातून सुटणारी मोठी फेरीबोट, ती अर्धा दिवस घेते. ऑगस्टात ते विमान महिनाभर आधी भरलेलं असतं. हीथ्रोच्या टर्मिनलमध्ये बसून हे फोनवर शोधत राहिले, आणि शेवटी म्हणाले की उद्या दुपारच्या विमानात जागा आहे, पण एकच.

"तू जा," ते म्हणाले. "तिला आत्ता तू हवीस. मी मागून बोटीने येतो."

मी लगेच हो म्हणाले नाही. यांना एकटं सोडायचं माझ्या जिवावर आलं होतं. आणि दुसरं असं, की मला जावयाचं बोलणं आठवत होतं. आम्ही पहिल्यांदा बेटावर जाणार होतो तेव्हा त्याने फोनवर आम्हाला बजावलं होतं की ऑगस्टात विमानाच्या भरवशावर येऊ नका. उत्तरेचा वारा सुटला की ते छोटं विमान बेटावर घिरट्या घालतं आणि तसंच अथेन्सला परत जातं. मोठी बोट मात्र येते, हलत डुलत, पण येतेच. तेव्हा आम्ही त्याचं ऐकलं होतं. धक्क्यावर तो आम्हाला घ्यायला आला होता, आणि बोट लागून पांढरा पडलेला माझा चेहरा बघून त्याने आधी लिंबू आणून दिलं होतं.

लेकीनेही सकाळी सांगितलं होतं की कालपासून वारा आहे. मी यांना म्हटलं, "त्याने काय सांगितलं होतं? वाऱ्यात बोटच पोचते. दोघंही बोटीने जाऊ या. सकाळची बोट दुपारी पोचते, संध्याकाळ तर लांब आहे."

हे थोडा वेळ फोनवरच्या त्या एका सीटकडे बघत राहिले. मग त्यांनी फोन खिशात ठेवला आणि दोघांची बोटीची तिकिटं काढायचं ठरलं. तिथल्या माणसाचं म्हणणं, आणि तो माणूस आपला, म्हणून आम्हाला ते बरोबर वाटलं. मला आजही तो निर्णय वेडेपणाचा वाटत नाही. हाताशी जे होतं त्यावरून तो घेतला होता.

रात्री अथेन्सला उतरलो आणि सकाळी आम्ही पिरेयसला बोटीवर चढलो. गाड्या आत घेऊन झाल्या होत्या. आम्हाला खिडकीजवळ दोन खुर्च्या मिळाल्या. बाहेर बंदरातलं पाणी ताटासारखं सपाट होतं, आकाशात एक ढग नव्हता. सुटायची वेळ झाली, होऊन गेली. मग स्पीकरवरून आधी ग्रीकमध्ये काहीतरी सांगितलं आणि आजूबाजूची माणसं एकदम उठून बॅगा काढायला लागली. इंग्रजीत सांगेपर्यंत मला कळलं होतं. खुल्या समुद्रात वारा मर्यादेपलीकडे गेला होता, बंदराच्या अधिकाऱ्यांनी सगळ्या बोटींना मनाई केली होती. पुढची सूचना येईपर्यंत कोणीही सुटणार नव्हतं.

धक्क्यावर उतरल्यावर हे मला बाजूला उभं करून फोनवर ती विमानाची जागा शोधायला लागले. ती गेली होती. दुसरी कुठलीच नव्हती. मोठी बोट अडली होती म्हटल्यावर छोटं विमान कुठलं जाणार, असं मी स्वतःला समजावत होते. पण ते विमान गेलं. दुपारी लेकीचा फोन आला तेव्हा तिने सांगितलं की जावयाचा एक चुलतभाऊ त्याच विमानाने येऊन पोचला आहे. थोडं हललं म्हणे, पण उतरलं. वारा होता तो मधल्या समुद्रात, बेटाच्या त्या बाजूला विमानापुरती उसंत मिळाली होती.

मी तिला सांगितलं की आम्ही पिरेयसलाच आहोत.

"ओके," ती म्हणाली. "ओके, आई. तुम्ही तिथेच बसा. मी फोन लावते."

संध्याकाळी तिच्या एका चुलत नणंदेने फोन हातात धरून आम्हाला ते ऐकवलं. चित्र दाखवू नको असं मीच सांगितलं होतं, ते असं बघायची माझी तयारी नव्हती. तिकीटखिडकीच्या सावलीत सूटकेसवर आम्ही बसलो होतो. आजूबाजूला आमच्यासारखीच अडकलेली शेकडो माणसं, सॅकवर डोकं ठेवून झोपलेली पोरं, आइस्क्रीम खाणारी लहान मुलं. फोन आमच्या दोघांच्या मध्ये होता. धर्मगुरूंचा गाण्यासारखा संथ आवाज, मध्येच कोणाचा तरी खोकला, आणि या सगळ्यावर सतत वारा, फोनवर आपटणारा. त्या वाऱ्यात आमच्या लेकीचा आवाज कुठे आहे ते मी शोधत होते. तो आला नाही. फावड्याचा आवाज मात्र आला.

हे उठून उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने फोनकडे कान दिला, तिला काय चाललं आहे ते कळलं. तिने छातीवर क्रॉस केला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. फोन बंद झाला तरी तिने तो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनाई उठली आणि आम्ही निघालो. नाक्सोसला उतरलो तेव्हा लेक धक्क्यावर उभी होती. ती त्याची व्हॅन घेऊन आली होती. मागे त्याच्या हत्यारांच्या पेट्या, तांब्याच्या नळ्यांची गुंडाळी, त्याचे बूट, सगळं जसंच्या तसं होतं. तिने मला मिठी मारली नाही. आमच्या बॅगा नळ्यांवर ठेवल्या आणि आम्हाला थेट स्मशानात घेऊन गेली.

गावाबाहेर चढावर, पांढऱ्या भिंतींच्या आत ती जागा होती. ताजी माती उंच दिसत होती, वर फुलं आणि काचेत एक दिवा. वारा अजूनही होताच, तिने वाकून दिवा नीट केला.

"माती खूप कोरडा होता," ती म्हणाली. "सगळं उडत होता, आई. डोळ्यात जात होता."

लहानपणापासून मी तिचं असलं मराठी सुधारत आले आहे. ती माती, कोरडी होती. त्या दिवशी मी सुधारलं नाही. यांनी खाली बसून मातीला हात लावला आणि बराच वेळ तसेच बसून राहिले.

घरी परतताना तिने विचारलं की विमानात एक जागा होती ना, बाबा फोनवर म्हणाले तसं, मग तू का नाही आलीस. चिडून नाही, तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. मी तिला खरं ते सांगितलं, की त्यानेच सांगितलं होतं, वाऱ्यात बोटच पोचते.

तिने व्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली. आधी मला वाटलं ती रडते आहे. मग कळलं की ती हसते आहे, आणि मग खरंच रडायला लागली.

"तो वाऱ्याबद्दल नेहमी चुकायचा," ती म्हणाली. "नेहमी. गावात सगळे त्याला हसायचे. त्याला फ्लाइंगची भीती वाटायची, म्हणून तो सगळ्यांना बोटीने यायला सांगायचा."

हे मागच्या सीटवर होते. "मला सांगायचं ना त्याने," एवढंच ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

त्यानंतर आठवडाभराने हे परत गेले. मी राहिले. तिकडे चाळिसाव्या दिवसाला मोठा मान असतो. माझी विहीण उकडलेल्या गव्हात बदाम, बेदाणे आणि डाळिंबाचे दाणे घालून एक पदार्थ करते, तो चर्चमध्ये नेऊन सगळ्यांना ओंजळीत वाटतात. तिला इंग्रजी येत नाही, मला ग्रीक येत नाही. गहू निवडायला तिने ताट माझ्यापुढे सरकवलं आणि आम्ही दोघी खिडकीत बसून निवडत राहिलो. आमच्याकडे सुतकात घरी चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात आणून देतात. इथे ती बाई मुलासाठी स्वतः गहू शिजवत होती. मध्येच तिचा हात थांबायचा. मग मीही थांबायचे. ती पुन्हा सुरू झाली की मी सुरू व्हायचे. डाळिंब सोलायला घेतलं तेव्हा तिने माझ्याकडून ते काढून घेतलं. ते तिला एकटीलाच करायचं होतं.

त्या चाळीस दिवसांत मी लेकीला एकदाही परत चल म्हटलं नव्हतं. मी तसं गृहीतच धरलं होतं. तिकडे यांनीही तिची खोली आवरून ठेवली होती, क्लिनिकमधल्या तिच्या जुन्या मैत्रिणीशी बोलून ठेवलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला विचारलं की तुझं तिकीट कधीचं काढायचं.

ती भांडी पुसत होती. तिने फडकं खाली ठेवलं.

"मी नाही येत," ती म्हणाली. "तिकडे मला लोकांना सांगायला लागेल तो कोण होता. इथे कोणाला सांगायला लागत नाही. या गावात प्रत्येक घरात त्याने रिपेअर केलेला फ्रिज आहे."

मी म्हटलं, पण तू एकटी काय करणार. ती म्हणाली की गावातल्या मुलांना इंग्रजी शिकवते आहेच, शिवाय हॉस्पिटलवाल्यांनी विचारलं आहे, आणि सासू-सासरे आहेत. त्यांचा तर तो एकुलता मुलगा होता, असं ती म्हणाली. आमची ती एकुलती मुलगी आहे, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी फडकं उचलून उरलेली भांडी पुसली.

मी विमानानेच परतले. वारा कधीच पडला होता, आणि सप्टेंबरच्या शेवटी जागा हव्या तेवढ्या मिळत होत्या.

हीथ्रोवर हे घ्यायला आले होते. लेक येणार नाही हे त्यांना मी फोनवर सांगितलं होतं, त्यावर ते ठीक आहे म्हणाले होते. तरीही मी सरकत्या दारातून बाहेर आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग माझ्यामागे बघितलं. दार पुन्हा उघडलं, कुठलंसं कुटुंब बाहेर आलं, दार मिटलं. मग त्यांनी माझ्या हातातली ट्रॉली घेतली.

बसमध्ये आमचा स्टॉप जवळ आल्यावर त्यांनी विचारलं की तिला झोप लागते का.

मी म्हटलं, आता लागते थोडी.

त्यांनी मान हलवली आणि घंटा दाबली.