फुटव्हॉल्व्ह मोकळा करताना

आधीच सांगते, मी भुताखेतांवर हसणारी बाई आहे. शेजारच्या अक्का दृष्ट काढायला मिरच्या घेऊन आल्या, तर मी म्हणते, त्यापेक्षा ठेचा करा! तरी हे लिहितेय, कारण डोक्यातून जातच नाहीये...

यावल-सावदा रस्त्याच्या आत आमचं गाव. केळीची बाग तळ्याला लागून, मोटरीला पाणी तळ्याचंच. घडावर निळी प्लास्टिकची पिशवी चढवायची, माल कापला की पिशवी बांधावर — सगळ्यांची हीच रीत. वारा सुटला की बठ्ठ्या, सगळ्याच्या सगळ्या, पिशव्या तळ्यात. थोडे दिवस तरंगतात, मग गाळ भरून तळाला बसतात.

मे महिना, भर दुपार. मोटर पाणी ओढेना. पाण्यातल्या पाइपच्या टोकाला, फुटव्हॉल्व्हच्या जाळीला, पिशव्या चिकटलेल्या. घड लागलेले, ऊन असं की दोन पाणी चुकली तर बाग गेलीच. आमचे हे निघाले बुडी मारायला. मी म्हटलं, "दोरी कंबरेला बांधा."

"कंबरेला बांधली तं त्या कचऱ्यात अडकीन ना वं! हातात धरतो. दोन झटके दिले की ओढजो."

हट्टी माणूस. गेले.

मी काठावर, दोरी मुठीला गुंडाळून. बुडबुडे आले... मग तेही थांबले. मी चक्क नाव घेऊन ओरडले — लग्नानंतर पहिल्यांदा. तेवढ्यात दोन झटके! अगदी स्पष्ट.

ओढलं, पण काय ते वजन! पाय रोवून, रडत, शिव्या देत ओढत राहिले. निम्म्यात एकदम वजन कमी झालं आणि मी मागे आपटले. उठून पुन्हा ओढलं, तर हे वर आले. हातापायांना निळं प्लास्टिक गुंडाळलेलं, दोरी कंबरेला बांधलेली. पाणी ओकले, श्वास आला. मी तिथेच त्यांना दोन धपाटे घातले.

जरा सावरल्यावर म्हणाले, "झटके मी नाही दिले. दोरी तं खाली गेल्या गेल्याच सुटली. हात अडकले होते माझे."

मग दोरी कंबरेला कशी? पक्की गाठ होती, सोडता सुटेना. यांनी मारलेली नाही. मी तर काठावर!

आणि त्या गाठीच्या पुढे, उरलेल्या दोरीला, अजून एक फास होता. एका कंबरेएवढा. रिकामा.

हे म्हणतात, प्लास्टिकचा गोळा सुटला असेल, म्हणून वजन कमी झालं. असेल बाई. पण गोळा गाठ मारतो का? गावात विचारलं, तळ्यात कोणी बुडाल्याचं कोणालाच आठवत नाही. पाणी आटल्यावर मी स्वतः तळ पाहून आले. पिशव्यांवर पिशव्या, पाऊल टेकायला माती नाही. दुसरं काही नाही.

लोक म्हणतात, नवऱ्याला वाचवलंस! मला ते ऐकवत नाही, मी उठून आत जाते. खाली जे कोणी होतं, त्याने आधी यांना बांधलं, मग स्वतःला. आणि माझ्या हातून निम्म्यात सुटलं.