वन्संचे शॉकअप आणि मातीचे उंदीर

रोह्यापासून पेणपर्यंत गाड्या चालवणाऱ्या बायका आता पुष्कळ झाल्या, पण गाडी उभी दिसली की आधी तिच्या खाली वाकून बघणारी बाई एकच आहे आणि ती माझी थोरली नणंद आहे, हे सांगताना माझी मान जरा जास्तच ताठ होते. पाहुण्यांकडे गेल्यावर बाकीच्या बायका स्वयंपाकघर बघतात. वन्सं अंगणातल्या गाडीचे शॉकअप, म्हणजे चाकांचे दणके पचवणारे दांडे, बघतात. नुसत्या बघत नाहीत. गाडीच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे ठेवून अंगातलं सगळं बळ लावून दाबतात, सोडतात आणि गाडी किती झुलते ते डोळे बारीक करून पाहतात. एकदा हलून थांबली तर मालक भला माणूस. झुलत राहिली तर त्या घरात मुलगी देऊ नये, इथपर्यंत त्यांचं मत जातं. पेणला एका लग्नात त्यांनी फुलांनी सजवलेली नवरदेवाची गाडी अशीच सगळ्यांदेखत दाबली आणि वरमाईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मागचे शॉकअप गेलेत गो. नवरीला पुढं बसवा." वरमाईचं तोंड लग्न लागेपर्यंत उतरलेलं होतं, पण नवरी पुढे बसली.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे त्यांच्या यजमानांनी शेतावरच्या कामाला घेतलेली जुनी फोर बाय फोर जीप. यजमान डोलवीला कंपनीत जातात आणि शिफ्टवरून आले की झोपतात. त्यामुळे जीप हळूहळू वन्संची झाली आणि यजमानांनीही ते झोपेतच मान्य केलं. साडीवर यजमानांचा जुना शर्ट चढवून वन्सं भाताची पोती नेतात, आजारी माणसं नेतात आणि श्रावण सरता सरता जोह्याच्या कारखान्यांतून गणपतीच्या मूर्ती डोंगरातल्या वाड्यांकडे पोचवतात. एवढ्या वर्षांत एका मूर्तीला साधा चरा गेला नाही, हे त्या स्वतः सांगत नाहीत. मी सांगते.

फक्त सगळ्यात वरच्या वाडीला त्यांची गाडी जात नसे. तिथली वाट बैलगाडीची, मधोमध दगडांचा उंचवटा; जीपचं पोट त्यावर टेकायचं. त्या वाडीत घरोघरी गणपती नसतो, सगळ्यांचा मिळून एकच असतो आणि तो शाडूचाच लागतो. वाडीतले गोमाबाबा तो पायथ्यापासून डोक्यावरून वर न्यायचे. त्यांच्या डोक्याशिवाय दुसऱ्या डोक्यावर तो कधी चढलाच नव्हता. एका वर्षी मात्र अर्ध्या चढावर म्हाताऱ्याचे गुडघे दुमडले. मूर्ती पोरांनी झेलली, गोमाबाबा वाटेतच बसून राहिले. दुसऱ्या कुणी न्यावी असं म्हणायला कुणाची जीभ रेटेना, तेव्हा पुढच्या वर्षीपासून तसबीर पुजायची असं वाडीने ठरवलं. हे वन्संच्या कानावर गेलं. तशाच उठून त्या वर चालत गेल्या आणि गोमाबाबांना म्हणाल्या, "मी आणते गाडीतून. तुम्ही सोबत बसा."

गोमाबाबा म्हणाले, "गाडी नाचते बाय. माझी मान नाय नाचायची."

"माझी गाडी पण नाय नाचणार."

"आन् तडा गेला तर?"

"तर खुशाल तसबीर लावा. पुन्हा तोंड नाय दाखवणार."

वन्संनी शब्द दिला आणि तिथून आमच्या दोन्ही घरांची झोप उडाली. रामवाडीच्या गॅरेजात जीप उंच करून घेतली, मोठे टायर चढवले. गाडी अशी दिमाखदार दिसू लागली की वन्संना आत चढायला अंगणातला पाट लागायचा. पण पहिल्याच खड्ड्यात खालून असा दणका बसला की माझ्या हातातला डबा उडाला. वन्सं तिथेच रस्त्यावर आडव्या झाल्या, गाडीखालून त्यांचा आवाज आला, "अगो, गाडी वर गेली आन् शॉकअप जुनेच ऱ्हायलेत. बिचारे टाचा उचलून उभे हायत!" म्हणजे नवे शॉकअप आले. आणि ते निवडायचे कसे, तर मूर्ती नेऊन. पण गणपतीवर प्रयोग करायला वन्सं तयार नव्हत्या. देवाची परीक्षा घेणारे आपण कोण, असं म्हणून त्यांनी जोह्याच्या कारखान्यातून टोपलीभर उंदीर आणले. कच्च्या शाडूचे, न रंगवलेले, काडीएवढ्या बारीक शेपटीचे उंदीर. ज्या शॉकअपवर शेपटी टिकेल ते शॉकअप खरे, असा नियम ठरला.

दुकानदाराने आधी जाडजूड, कडक शॉकअप दिले. ओझ्याच्या गाडीला हेच लागतात, म्हणाला. त्या दिवशी टोपलीत एकाही उंदराला शेपूट उरलं नाही. वन्संनी ते परत केले आणि मऊ आणले. मऊ शॉकअपवर सगळे उंदीर शेपट्यांसकट परत आले, तेव्हा वन्संनी आनंदाने साखर वाटली. पण इथे आमची गंमत झाली. उंदीर ते केवढे! रिकाम्या गाडीत ते सुखाने बसले. मूर्ती, गोमाबाबा आणि पूजेचं सामान यांचं वजन कुणी धरलंच नव्हतं. चूक कळल्यावर वन्संनी मागे भाताची पोती टाकली, एक पोतं कमी पडलं म्हणून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू बस गो मागं. तू बसलीस की बरोबर होतंय." मी मांडीवर उंदरांची टोपली घेऊन बसले. गाडी प्रत्येक खड्ड्यात तळाला टेकली, शेपट्या गेल्या आणि माझीही कंबर आठवडाभर धरली.

त्या दिवसांत त्यांच्या स्वयंपाकघराच्या फळीवर मसाल्याच्या डब्यांपुढे बांड्या उंदरांची रांग होती. जेवताना मोबाईलवर वाळवंटात गाड्या उडवणाऱ्या दाढीवाल्या पोरांचे व्हिडिओ चालायचे. "उडवतायत मेले," वन्सं म्हणायच्या, "ह्यांना कुठं मूर्ती न्यायचीय!" शेवटी त्यांनी व्हिडिओ बंद केले. जीपचं एक चाक शेताच्या बांधावर चढवलं, दुसरं खाली सोडलं आणि शिवणाचा टेप घेऊन गाडीखाली शिरल्या. चाक पार लोंबतं तेव्हा शॉकअपला किती ताणावं लागतं आणि पार दबतं तेव्हा किती मिटावं लागतं, दोन्ही मापं घेतली. मग दुकानात जाऊन टेप काउंटरवर पसरला. "एवढा ताणणारा, एवढा मिटणारा दाखव. आणि भरल्या गाडीत उतरताना सावकाश उतरणारा." दुकानदाराने विचारलं, "कंपनी कुठली देऊ ताई?" वन्सं म्हणाल्या, "कंपनीचं घरी नवरा बघतो. तू शॉकअप दाखव." या वेळी पोती होती, मी होते, खड्डे तेच होते आणि टोपलीतले उंदीर मात्र जसेच्या तसे परत आले. वन्संनी एकेक शेपूट बोटाने चाचपून पाहिलं आणि चहा टाकला. इतक्या खूश झालेल्या मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पायथ्याशी गोमाबाबा धुतलेला पांढरा सदरा घालून उभे होते. मागच्या बाकावर मूर्ती मांडीवर घेऊन बसले, शेजारी मी. जीप चढू लागली. दगड यायचे, गाडी एकेक पाय उचलल्यासारखी वर जायची आणि हळूच खाली बसायची. अर्ध्या वाटेवर गोमाबाबांनी मूर्तीभोवतीची हाताची मिठी सैल केली. "नाय नाचत गो," ते मला हळूच म्हणाले. वन्संनी ते ऐकलं. त्यांची पाठ ताठ झाली. वर वाडी जमली होती. ढोलकीचा आवाज खाली येऊ लागला होता. सगळ्यांसमोर मूर्ती घेऊन गाडी चढवायची, एवढ्यासाठी त्या बाईने सहा महिने गाडीखाली काढले होते.

ढोलकी ऐकताच गोमाबाबांचे हात आपसूक खांद्यावरच्या टॉवेलकडे गेले. त्यांनी त्याची पिळून गोल चुंबळ केली, डोक्यावर ओझ्याखाली ठेवतात तशी. मग तिच्याकडे बघत राहिले, पुन्हा उलगडली आणि टॉवेल मांडीखाली सारला. मी मान वळवली तर आरशात वन्संचे डोळे दिसले.

शेवटच्या वळणाखाली गाडी थांबली. इंजिन बंद झालं. तिथे चढ म्हणावा असा चढही नाही. वन्सं उतरल्या, बॉनेट उघडून आत बघत म्हणाल्या, "तापली वाटतं. बाबा, आता इथनं पुढं तुम्हीच न्या. काय इलाज नाय." गोमाबाबा त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिले. चुंबळ पुन्हा वळली, आम्ही दोघींनी मूर्ती त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि दोन्ही बाजूंनी हात धरून चालू लागलो. त्यांची मान खरंच हलत नव्हती. वळण संपलं तसा वाडीने एकच जल्लोष केला. त्या जल्लोषात जीपकडे कुणाचं लक्ष नव्हतं. निघण्याआधी मी इंजिनावर हात ठेवून पाहिला होता. नेहमीपेक्षा जास्त काही तापलेलं नव्हतं. त्या क्षणी मला माझ्या नणंदेचा जेवढा अभिमान वाटला तेवढा स्वतःच्या कुठल्याच गोष्टीचा कधी वाटलेला नाही.

गोमाबाबांनी आणखी दोन वर्षं असाच गणपती नेला, मग ते गेले. आता तेवढं वळण वाडीतली पोरं मूर्ती नेतात आणि हसतात, "ताईंची गाडी सगळा डोंगर चढते आणि इथंच बसते." मी एकदा चिडून म्हटलं, "वन्सं, सांगून टाका ना." त्या म्हणाल्या, "असू दे गो. तेवढ्यानं गाडीचं काय जातंय?"

यंदाही त्यांनी वळणाखाली गाडी थांबवली, बॉनेट उघडलं. पोरं मूर्ती घेऊन पुढे गेली. मग वन्संनी मागे येऊन बाक रिकामा झालाय ना ते पाहिलं, जिथे गोमाबाबा बसायचे तिथली धूळ पदराने पुसली आणि मला म्हणाल्या, "चल गो, चालत जाऊ."