तुरीतला दुसरा मी

चहा घ्या आधी. बिस्किटंही घ्या, ऐकताना हातात काहीतरी धरलेलं बरं. असा पोपट जगात दुसऱ्या कुठल्या संशोधकाचा झाला नसेल, हे मी पैजेवर सांगतो. आणि हो, माझ्या सासुरवाडीत कोणाला सांगू नका असं मी मुळीच म्हणणार नाही. तिथे शेंबड्या पोराला पण हे पाठ आहे.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि शिकवता शिकवता पीएचडी करतो. विषयाचं पूर्ण नाव घेतलं तर तुम्ही चहा टाकून पळाल, म्हणून साध्या भाषेत सांगतो. समोर काय आहे याची यंत्राला पक्की खात्री नसेल, तर त्यानं ठरवायचं कसं? थांबायचं, पुन्हा बघायचं, की अंदाजानं पुढे जायचं? बस, एवढंच. या एवढ्याशा प्रश्नापायी माझे केस गेले.

त्यासाठी मी एक रोबोट बनवला. नाव सोबती. चार जाड चाकं, वर गाठोडं ठेवायला सपाट फळी आणि लांब मानेवर एक कॅमेरा. वेचलेल्या कापसाची गाठोडी बाया डोक्यावर घेऊन धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत आणतात, ती यानं माणसाच्या मागे मागे वाहून आणायची, असा बेत. सध्या तो फक्त मला ओळखायचा. मी दिसलो की म्हणायचा, "सर, तुम्ही दिसलात. खात्री आहे." ओळख पटली नाही की म्हणायचा, "तुम्ही कोण? शंका आहे." आवाज माझाच. रेकॉर्डिंगला दुसरं कोण फुकट येणार?

शेत सासऱ्यांचं, देवळीजवळ. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूबाईंना मामीजी. शेतात कपाशी, आणि पलीकडे नाल्याच्या कडेनं तुरीचा सलग पट्टा. तूर अशी माजलेली की उभा माणूस आत गडप व्हावा.

दिवाळीनंतर मी रोज सोबतीसमोर उभा राहून त्याला माझी ओळख शिकवली. उन्हात, सावलीत, पुढून, मागून, असे ढिगानं फोटो. घामाचं काम, म्हणून दिवाळीच्या आहेरात आलेला शर्टच रोज अंगात चढवायचो. कॉलेजात तो घालण्याची माझी हिंमत नव्हती. फोटो झाले, शर्ट शेतातल्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, खुंटीला टांगला आणि विसरलो. त्यानंतर सोबती मला बघून "शंका आहे" म्हणायला लागला. मी म्हटलं, उन्हाचा दोष. "मामाजी, हा चेहरा ओळखतो चेहरा! जगात माझ्यासारखा दुसरा नाही, हे याला कळतं." केवढी ती ऐट!

मग ती दुपार आली.

वारा पडला होता. बाया जेवून कोठ्याच्या सावलीत टेकल्या होत्या आणि मी त्यांच्यासमोर चहा पीत उभा होतो. सोबती कपाशीत एकटा थांबलेला. मध्येच वाऱ्याची एक झुळूक आली, तूर सळसळली आणि सोबतीनं हळूच मान वळवली. माझ्याकडे नाही. तुरीकडे. चाकं फिरली आणि तो निघाला. नाल्याच्या बाजूनं तुरीत शिरला आणि दिसेनासा झाला.

आणि मग तुरीतून माझा आवाज आला. "सर, तुम्ही दिसलात. खात्री आहे."

माझा कप हातातच राहिला. बायांनी आधी तुरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तर इथे उभा! मग तिकडे दिसला कोण?

झुळूक थांबली. आतून आवाज आला, "तुम्ही कोण? शंका आहे." पुन्हा पानं हलली. "सर, तुम्ही दिसलात. खात्री आहे." कोणीतरी आत उभं होतं, घटकेत दिसत होतं, घटकेत लपत होतं, आणि माझंच यंत्र माझ्याच आवाजात त्याला सर म्हणत होतं.

वेचणाऱ्या बायांची पुढारी शेवंताबाई. वयानं पिकलेली, आवाज खणखणीत. ती उठली. "व माय! मशीनले चकवा लागला वं!"

चकवा तुम्हाला माहीत असेल. रानात माणसाला भूल पाडतो, एकाच जागी फिरवून फिरवून आणतो. शेवंताबाईनं त्यात भर घातली. "ते जित्या मानसाचं रूप घेऊन उभं राह्यते. ज्याचं रूप घेतलं, त्याचं काई खरं नाई." आणि हे सांगताना ती माझ्याकडे अशी बघत होती की मला वाटलं, आता ही माझा शेवटचा निरोप घेणार.

तुम्ही म्हणाल, अरे, मग आत जाऊन बघायचं ना! बरोबर आहे. मीही तेच ठरवलं आणि तुरीच्या तोंडापर्यंत गेलो. सोबती हाताशीच थांबलेला दिसला. त्याला कमरेत वाकून मागच्या मागे ओढला, नजर जमिनीवर ठेवून. पुढे गेलो नाही, कारण तुरीत साप असतात. फक्त साप, दुसरं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एकही बाई वेचायला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दुसऱ्या गावाहून बाया आणाव्यात, तर बातमी आमच्या आधी तिथे पोचलेली. इकडे बोंडं फुटून कापूस लोंबायला लागला. आभाळ भरून येत होतं. एक सर आली असती तर सगळा कापूस काळा पडून मातीत गेला असता, आणि वर्षभराचं पीक जावयाच्या संशोधनानं बुडवलं असं झालं असतं. मामाजी मला एका शब्दानं बोलले नाहीत. ते जास्त लागलं. शेतात जायची मला लाज वाटायला लागली.

त्यांनी सोबतीला लिंबू-मिरची मात्र बांधली. नेमकी कॅमेऱ्यासमोर. तेव्हापासून तो समोर कोणी नसतानाही "शंका आहे" म्हणत सुटला.

जेवताना मामाजींनी हळूच विचारलं, "जवाई, राग नोका मानू जी. तुमाले जुळा भाऊ होता काय? लहानपनी वारलेला?"

"नाही हो मामाजी!" मी हसलो. पण खरं सांगतो, उठून आईला फोन केला. ती म्हणाली, "तू एक झालास तेच पुष्कळ झालं." एरवी मी चिडलो असतो, त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

तरी भीती जाईना. दाढी करताना आरशात बघवेना. माझा मार्गदर्शक, माझे आकडे, माझी सगळी गणितं बाजूला राहिली आणि मनात एकच घोकत होतो. तुरीत कोण आहे?

शेवटी मी शेवंताबाईच्या दारात गेलो. म्हटलं, "तुमच्यासमोर सिद्ध करून दाखवतो. मी उभा राहीन, सोबती माझ्याकडेच येईल. मग तर वेचायला याल?"

"येतो न. पन तितंच दाखवा, तुरीजवळ. अन सकाळी. सांजच्या वेळी आमी कोनी येत नाई."

सकाळी गेलो, तर धुकं! दहा पावलांवरचा माणूस पुसट दिसावा इतकं. नाल्यातून ते उठत होतं आणि तुरीत घुसत होतं. बाया एकमेकींचे पदर धरून धुऱ्यावर उभ्या. मामाजी हातात काठी घेऊन. मी तुरीच्या कडेला, स्वेटर, मफलर आणि माकडटोपी घालून. लिंबू-मिरची मी आधीच काढली होती. विज्ञानात असलं चालत नाही. खिशात ठेवली होती, एवढंच.

सोबतीला सुरू केला. तो धुक्यातून गुरगुरत आला, माझ्यासमोर थांबला, मान वर करून त्यानं मला न्याहाळलं. मी माकडटोपी वर सरकवून हसलो.

"तुम्ही कोण? शंका आहे."

"अरे, मी! मी!"

"तुम्ही कोण? शंका आहे."

आणि मग त्याची मान वळायला लागली. सावकाश. माझ्या खांद्यावरून, माझ्या मागे.

"सर, तुम्ही दिसलात. खात्री आहे."

मी मागे वळलो. वळायला नको होतं. धुक्यात, तुरीच्या पोटात, ते उभं होतं. माझ्याच उंचीचं. दोन्ही हात पसरलेले. डोकं नव्हतं. आणि ते झुलत होतं, पुढे, मागे, जणू मला मिठीत घ्यायला निघालं होतं.

"पळा वं!" शेवंताबाई ओरडली. पण सगळ्यात मोठी किंकाळी माझी होती, यावर आजही गावात एकमत आहे. मी मामाजींच्या मागे जाऊन लपलो. मामाजी माझ्या मागे लपू पाहत होते. आम्ही दोघं जागच्या जागी गोल फिरलो. यालाच चकवा म्हणत असतील तर तो मी पाहिला आहे.

तेवढ्यात मामीजी चहाची किटली घेऊन आल्या. "काऊन बोंबलून राह्यले सकाळी सकाळी?"

मामाजींनी काठीनं तुरीकडे दाखवलं. मामीजींनी डोळे बारीक करून पाहिलं, किटली खाली ठेवली आणि सरळ तुरीत शिरल्या. मी "मामीजी, नको!" म्हणेपर्यंत त्यांनी ते भूत उपटलं, काखेत मारलं आणि बाहेर आल्या.

काठीला आडवी काठी बांधलेली. आणि तिच्यावर एक शर्ट. केशरी, मोठ्या मोठ्या चौकड्यांचा.

"हे होय? रानडुकरासाठी टांगलं म्या. धुतलेल्या कपड्याले डुक्कर नाई भेत, मानसाच्या घामाचा वास लागते. अन याच्याएवढा घामट कपडा घरात दुसरा नोता."

माझ्या डोक्यात एकेक बत्ती पेटत होती. फोटो. रोजचा शर्ट. सोबतीनं माझा चेहरा कधी पाहिलाच नव्हता! त्याच्या लेखी सर म्हणजे केशरी चौकडी. बाकी माझ्यासारखी माणसं काय, पुष्कळ असतात.

मामीजी शर्ट झटकत होत्या. आवाज एकदम उतरला. "दिवाळीले आमीच देल्ला होता तुमाले. देवळीच्या बाजारात अर्धा दिस फिरून घेतला. मंग खुंटीवर लोंबता दिसला. मले वाटलं, जवायाले नाई आवडला. म्हटलं, डुकराच्या तरी कामी येईन."

भूत निघालं असतं तर परवडलं असतं. मी मफलर काढला, स्वेटर काढला आणि त्या थंडीत, सगळ्या बायांसमोर, तो दवानं भिजलेला, माझ्याच जुन्या घामाचा शर्ट अंगात घातला.

सोबतीची मान झटक्यात वळली. "सर, तुम्ही दिसलात. खात्री आहे."

शेवंताबाई हसता हसता धुऱ्यावरच बसली. "चाला वं, वेचा! चकवा तं आपला जवाईच हाय!" बाया पदर खोचून कपाशीत उतरल्या. दुपारपर्यंत गाठोडी बांधून झाली, सोबती माझ्या मागून ती वाहत होता, आणि आभाळही तेवढं दमानं थांबलं. कापूस वाचला. माझं नाक वाचलं नाही, पण ते कोणी वेचायला आलंच नव्हतं.

आता एकच अडचण राहिली. शर्ट माझ्या अंगात, मग नाल्याकडून डुकरं आली तर? मी छाती पुढे काढून म्हटलं, "मामीजी, आज मीच उभा राहतो." तेवढीच भरपाई.

दिवस कलायला लागला. तुरीत मी उभा, समोर सोबती उभा, त्याला खात्री, मला शंका. नाल्यात काहीतरी खसफसलं. धिप्पाड अंगाची एक डुकरीण वर आली, मागे तिची पिल्लावळ. थांबली. नाक वर करून वास घेतला. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. अनिश्चित परिस्थितीत निर्णय कसा घ्यावा यावर माझी कितीतरी वर्षं गेली आहेत हो. तिनं क्षणात घेतला. मान खाली घातली आणि माझ्या पायाशी तुरीच्या शेंगा खायला लागली.

मी हात पसरले. ओरडलो. पिल्लू जवळ येऊन माझी चप्पल हुंगून गेलं.

माझा आरडाओरडा ऐकून मामीजी धुऱ्यावर आल्या. खडे मारून त्यांनी डुकरं हाकलली, मोडलेल्या तुरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. महिनाभर तो शर्ट नुसता काठीवर होता, तेव्हा एक डुक्कर इकडे फिरकलं नव्हतं.

"जवाई," त्या हात पुढे करून म्हणाल्या, "काढा तो शर्ट. काठीच बरी होती."