बिनटपाची गाडी

धाराशिवहून कुठंही जायचं असलं तरी वैजिनाथ सर स्कूटरवरूनच जात. कुठंही म्हणजे अगदी कुठंही. लातूरला बारसं असो, सोलापूरला लग्न असो, नाहीतर पुण्याला लेकीचं घर असो; पुढं सर, मागं कौशल्यावहिनी आणि सरांच्या पायांशी कापडी पिशवी. पुण्याला जाताना वाटेत टेंभुर्णीला मावसभावाकडं मुक्काम ठरलेला. शेजारून एसटी भोंगा वाजवत पुढं निघून जाई, खिडकीतून कुणी ओळखीचं हात करी, आणि हे दोघं रस्त्याच्या कडेनं आपल्या चालीनं चाललेले असत. आम्ही शिकवायचो त्या शाळेत म्हणत, "तिकिटाचे पैसे वाचवतो मास्तर." सरांच्या कानावर ते जाई. ते नुसते हसत.

सर गणित शिकवायचे. उंच, किडकिडीत बांधा, सदऱ्याच्या खिशाला कायम खडूची पांढरी कड. वर्गात कुणाचं गणित चुकलं की ते वही परत देताना म्हणत, "उत्तर चुकलं तर चुकू दे. रीत लिव्हली का? रीतीला मार्क हायत." पोरं त्यांची नक्कल करायची, पण गणितात नापास होणारी पोरं आमच्या शाळेत फार कमी होती.

मी त्यांच्या शेजारी भाड्यानं राहायला गेलो तेव्हा मला त्या घराची रीत कळली. खोल्या होत्या, पण वहिनी खोलीत क्वचितच दिसत. चूल, गॅस, भांडी सगळं ओसरीवर. झोपणं अंगणात. पावसाळ्यासाठी अंगणातच चार लोखंडी खांबांवर पत्रा टाकलेला होता, त्याखाली बाज. भिंत एकाही बाजूला नाही. पाऊस तिरपा आला की दोघं गोधडीसकट भिजत. एकदा अशाच पावसात मी म्हणालो, "सर, आत का नाही झोपत?" सरांनी वहिनी भांडी घासायला नळाकडं गेल्याचं पाहिलं आणि मग सांगितलं.

वहिनी माकणीच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. भूकंप झाला तेव्हा शाळकरी पोर होत्या. दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जाड माळवद. सगळं घर अंगावर आलं. त्या ढिगाऱ्याखाली जिवंत राहिल्या. शेजारी कुठंतरी त्यांची आई होती. दिसत नव्हती, नुसता आवाज येत होता. "घाबरू नको कौशे, येतील माणसं," असं आई म्हणत राहिली. मग आवाज येईना झाला. माणसं आली ती त्यानंतर बऱ्याच वेळानं. घरातलं दुसरं कुणी उरलं नाही.

"तवापासून चौबाजूनं बंद झाकल्याखाली तिला दम निघत न्हाय," सर म्हणाले. "एसटीत बसवली की दार लागल्याबरूबर अंग थरथर कापतंय. डाक्टर दावले, गोळ्या झाल्या. गोळीनं झोप यायची, भ्या जायचं न्हाय. म्हनलं मरू दे. आपल्याला स्कूटर हाय की."

एवढं सांगून ते उठले आणि बाज कोरड्या बाजूला सरकवू लागले. शाळेत हे कुणाला सांगितलं नाही का, असं विचारलं तर म्हणाले, "तिची गोष्ट हाय. म्या कशाला वाटत फिरू?"

पुढं वहिनींना कॅन्सर निघाला. छातीचं ऑपरेशन इथंच, त्यांना कसंबसं समजावून झालं. पण वर्षाच्या आत तो हाडांत उतरला. पाठीचे मणके पोखरले. आता स्कूटरवर बसणं संपलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की मणक्यांना मशीनवर किरणांचा शेक द्यावा लागेल, त्यानं दुखणं उतरेल, काही काळ तरी हिंडता-फिरता येईल. त्यासाठी पुन्हा पुन्हा सोलापूरला जायला हवं होतं.

पहिल्यांदा इंजेक्शन देऊन अँब्युलन्समधून न्यायचं ठरलं. वहिनी झोपल्या. तुळजापूरच्या घाटात त्यांना जाग आली. वर पत्रा, बाजूला काचा, बंद दार. त्यांनी त्या दारावर हात आपटून आपटून बोटं फोडून घेतली. सर आत त्यांच्याजवळच होते. पण त्यांना सर ओळखू येत नव्हते. गाडी घाटातच थांबवावी लागली. घरी आल्यावर वहिनींनी सरांचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. "मला बेसुद करून कुठं न्येऊ नका. मेले तरी चालंल. शप्पत हाय तुमाला."

सरांनी शपथ घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून उघडं वाहन शोधायला लागले. एका शेतकऱ्याच्या पिकअपमध्ये गाद्या घालून पाहिल्या. पहिल्या खड्ड्यालाच वहिनींच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की सर चालत्या गाडीतून उतरून ड्रायव्हरला थांबवायला पुढं धावले. कुणाची तरी जुनी उघडी जीप मिळाली, तिचे हादरे पिकअपहून वाईट. सर शाळेत यायचे, तास घ्यायचे, पण फळ्यावर लिहिता लिहिता थांबायचे.

अशात येडशीच्या रस्त्यावर त्यांना एक वरात दिसली. नवरदेव घोड्याऐवजी बिनटपाच्या परदेशी गाडीत बसला होता. रस्ता उखडलेला, पण नवरदेवाच्या हातातला शरबताचा पेला हिंदकळत नव्हता. सरांनी स्कूटर बाजूला लावली आणि वरातीबरोबर पार मांडवापर्यंत चालत गेले. ड्रायव्हरला गाठून विचारलं, ही कुठं मिळते. तो म्हणाला, पुण्यात, वापरलेली.

संध्याकाळी माझ्या दारात उभे. "सर, तुमाला गाडी चालवता येती. पुण्याला यावं लागंल."

ती खरेदी मी विसरणार नाही. थंडगार काचेची जागा, चकचकीत गाड्यांची रांग, आणि पायात धुळीच्या चपला घातलेले वैजिनाथ सर. विकणारा तरुण सभ्य होता. त्यानं एका गाडीचं बटण दाबलं. मागून टप उचलला गेला, घडी उलगडत पुढं आला आणि बघता बघता गाडी बंद झाली. सर दचकून मागं सरले.

"हे बटन चुकून दाबलं गेलं तर?"

"काही होत नाही सर, छत येतं फक्त."

"तेच म्हनतोय. ते येऊ नये असं करता येतं का? तार काढून टाका की."

तरुणानं माझ्याकडं पाहिलं. "सर, गिऱ्हाइकं दहा वेळा विचारतात की छत नीट चालतं ना. ते बिघडवून मागणारे तुम्हीच पहिले."

सरांनी कारण सांगितलं नाही. मागच्या आवारात ताडपत्रीखाली एक निळी गाडी उभी होती, तिच्याकडं त्यांचं लक्ष गेलं. तरुण म्हणाला, "ती दाखवण्यासारखी नाही. तिचं छत उघडलेलंच अडकलंय. पार्ट बाहेरून मागवावा लागतो, मिळेलच असं नाही."

"कवाच लागत न्हाय?"

"नाही."

"हीच द्या," सर म्हणाले. भविष्य निर्वाह निधीतले पैसे त्यासाठीच काढून आणले होते.

परतताना मी चालवत होतो. उन्हानं आम्हा दोघांची तोंडं भाजून निघाली. इंदापूरच्या पुढं सरांनी स्टिअरिंग मागितलं; गिअर नाहीत म्हटल्यावर त्यांना धीर आला होता. मोकळ्या रस्त्यावर शिकले, चुकले, पुन्हा शिकले. पुढं पंधरवडाभर ते रोज पहाटे चालवायचा सराव करत. गाडीचं पोट जमिनीला इतकं जवळ की गावचा प्रत्येक गतिरोधक खाली घासायचा. सर म्हणत, "तिरकी घ्यायची. तिरकी घेतली की ऐकती."

वहिनींनी गाडी पाहिली तेव्हा भिंतीला धरून उभ्या होत्या. त्यांनी मागच्या खाचेवर, जिथं टप अडकला होता तिथं, हात फिरवला.

"ह्येचं झाकण?"

"मोडलंय."

"पुना लागंल?"

"लागत न्हाय. पुण्याच्या मानसानं सांगितलंय."

मग त्या बसल्या. सरांनी गोधडीनं त्यांची पाठ चारी बाजूंनी टेकवली.

गावाला मात्र ही गाडी कळली नाही. बायको अंथरुणाला खिळलेली आणि मास्तर बिनटपाची गाडी उडवतो, एवढंच लोकांना दिसलं. कुणीतरी मोबाइलवर चित्रफीत काढून खाली 'मास्तराची ऐट' असं लिहून गावभर फिरवली. मुख्याध्यापक सर्वांसमोर म्हणाले, "काय वैजिनाथराव, परत बोहल्यावर चढताय का?" सरांचे थोरले भाऊ वहिनींना भेटायला आले आणि गाडीकडं बघत म्हणाले, "दुखण्यात असली थेरं सुचतात तरी कशी?" मी चिडून बोलायला गेलो तर सरांनी माझा दंड धरला. "ऱ्हाऊ द्या. त्येंनी हसल्यानं तिला दुखत न्हाय. दुखतंय ते येगळंच हाय."

थंडीत आम्ही पहिल्यांदा सोलापूरला निघालो. गाडीला मागं अगदी अरुंद बाक होतं, त्यावर मी दुमडून बसलो होतो. दोन्ही बाजूंना शाळू कमरेच्या वर आलेला. वहिनी डोक्याला शाल गुंडाळून इकडंतिकडं बघत होत्या. त्यांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ही विहीर नवी दिसती, त्या रानात पाखरं लई उतरलीत, ती म्हातारी एकटीच काय खुडती. घाटात जिथं अँब्युलन्स थांबवावी लागली होती तिथं सरांनी वेग कमी केला, पण त्या वरच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अवो, ह्यो रस्ता एवढा चांगला हाय व्हय? स्कूटरवर मला निस्ती तुमची पाठ दिसायची."

सर हसले. गाडी चालवता चालवता डोळे पुसत हसले.

दवाखान्यात व्हरांड्यापर्यंत सगळं ठीक झालं. शेकाची खोली तळमजल्यावर, लांब बोळाच्या टोकाला. भिंती हातभर जाड, आणि दार लोखंडी तिजोरीसारखं. डॉक्टरीण बाई मायाळू होत्या. त्यांनी सगळं समजावलं. आत टेबलावर एकटीनं पडायचं, दार लागणार, थोड्या वेळानं उघडणार. वहिनी ऐकत होत्या. स्वतःच्या पायांनी आत गेल्या. टेबलावर पडल्या. सरांना म्हणाल्या, "जावा तुमी." सर बाहेर आले. दार हलायला लागलं. निम्मं लागलं असेल नसेल, आतून "आई" अशी एकच हाक आली. पन्नाशीला टेकलेल्या बाईचा तो आवाज नव्हता. दार थांबवलं तेव्हा वहिनी टेबलाखाली कोपऱ्यात अंग चोरून बसल्या होत्या.

"बाई, दार उघडं ठिवा," सर डॉक्टरांना म्हणाले. "मी आत थांबतो तिच्याजवळ. मला काय लागायचं ते लागू द्या. लिहून देतो."

"दार उघडं असलं तर मशीन चालूच होत नाही, सर. तशी रचनाच आहे."

"मग गुंगीचं इंजेक्शन..." मी म्हणालो. वहिनींनी सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, "न्हाय. शपथ हाय."

त्यानंतरही आम्ही जात राहिलो. दर वेळी वहिनी घरून ठरवून निघत. "आज पडते बगा निपचित." गाडीत बोलत, हसत, आणि त्या दारापाशी जाऊन परत फिरत. शेवटी त्यांनी आपणहून सांगितलं, "आता नगं. तुमी दमलाव." परतीच्या वाटेवर सरांनी एका शेताच्या बांधाशी गाडी थांबवली. शेतमालकानं हुरडा भाजून दिला. वहिनींनी चार दाणे तोंडात टाकले, बाकीचे हातात धरून ठेवले.

पुढचे महिने वाईट गेले. गोळ्यांनी दुखणं आवरेना. पुण्याहून लेक, अर्चना, येऊन राहिली होती. अंगणातल्या बाजेवरून वहिनींचं कण्हणं आमच्या घरात ऐकू यायचं. सर बाजेशेजारी खुर्ची टाकून बसलेले असत. कधीकधी म्हणायचे, "फिरवून आणू का?" त्या मानेनंच नको म्हणत. चैत्रात एका सकाळी त्या गेल्या. वर लख्ख ऊन होतं.

गाडी त्या वरातीच्या ड्रायव्हरनंच विकत नेली. तिचा टप लागत नाही हे सरांनी त्याला तीनतीनदा सांगितलं. तो म्हणाला, "नवरदेवाला टप कशाला लागतोय?"

दिवसकार्य झाल्यावर मी सरांजवळ बसलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "सर, तुम्ही त्यांच्यासाठी जे केलंत ते कुणी करणार नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता, असता तर बरं वाटलं असतं.

"काय केलं, सर? दारापतूर न्येलं. बरं व्हायचं ते आत हुतं."

मी उठून अंगणातल्या पत्रावळी गोळा करू लागलो.

त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. अर्चना त्यांना पुण्याला घेऊन गेली. अकराव्या मजल्यावर तिचं घर आहे. मी अधूनमधून फोन करतो. शाळेच्या गोष्टी सांगतो, कुठल्या पोराचं काय झालं ते सांगतो. ते ऐकून घेतात, कुणाबद्दल काही विचारत नाहीत. मागच्या वेळी मी म्हणालो, "काय चाललंय सर तिकडं?"

पलीकडं खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"काय न्हाय," ते म्हणाले. "उजाडतंय, मावळतंय. त्येला आपलं काय लागत न्हाय."