कॉलनीकाकूंचा राग

कॉलनीकाकूंना अडीचशे वर्षांपूर्वीच्या गोष्टींचा राग यायचा, आणि तो ताजा असायचा. सकाळीच लिफ्टमध्ये कोणाशी तरी भांडण झालं असावं, इतका ताजा. इंग्लंडच्या पार्लमेंटनं अमेरिकेतल्या वसाहतींवर कागदपत्रांवरच्या स्टॅम्पचा कर बसवला, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. आतून काका पेपर वाचता वाचता म्हणायचे, "अगं, पण वर्षभरात रद्द केला ना त्यांनी तो." की झालं. "रद्द केला, आणि त्याच दिवशी दुसरा कायदा केला, की वाटेल तेव्हा वाटेल ते लादायचा आम्हाला हक्क आहे! तो कोण वाचणार, तुम्ही?" काका पेपरची घडी घालून गॅलरीत जात.

इथल्या मराठी मंडळात आज त्यांचा विषय निघाला की लोक म्हणतात, "हुशार होत्या, पण जरा भांडकुदळ." तो 'पण' ऐकला की माझी कानशिलं तापतात. मी फारशी बोलत नाही. चारचौघांत तर नाहीच. म्हणून लिहून ठेवते आहे.

काकू एका खाजगी शाळेत शिकवायच्या. तिथला अभ्यासक्रम अमेरिकन होता. संध्याकाळी, इथे गल्फमध्ये, अझैबा भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर आम्हा काही मुलांची शिकवणी असे. आम्ही इंडियन स्कूलवाले, पण पुढे अमेरिकेत शिकायला जायचं वेड लागलेले. तिकडच्या कॉलेजप्रवेशाच्या एका परीक्षेसाठी अमेरिकेचं सरकार कसं घडलं हे शिकावं लागायचं. काकूंच्या तोंडी दिवसभर अमेरिकेतल्या वसाहती, 'तेरा कॉलन्या', म्हणून कोणीतरी त्यांना कॉलनीकाकू म्हणायला लागलं. नवीन माणसांना वाटायचं, या कुठल्या तरी कंपनीच्या कॉलनीत राहत असणार. काकूंनी तो समज कधी दुरुस्त केला नाही.

त्या आम्हाला मराठीत बोलायला लावायच्या. मला ते जड जायचं. घरी आई-बाबा मराठी बोलत, मी उत्तर इंग्रजीत देई. "इंग्रजीत तू पाठ केलेलं बोलतेस," काकू म्हणायच्या. "मराठीत पाठ नाहीये तुला काही, म्हणून विचार करावा लागतो. सांग, रिप्रेझेंटेशन म्हणजे काय?"

"प्रतिनिधित्व."

"ते डिक्शनरीतलं झालं. तुझं सांग."

मी बराच वेळ चाचपडले. मग म्हटलं, "आपल्या वतीनं बोलणारं कोणीतरी… आपण निवडलेलं."

"शेवटचे दोन शब्द आधी घे," काकू म्हणाल्या. "बोलणारे खूप मिळतात. निवडलेलं आहे का ते बघायचं."

इतिहासातली कुठलीही थोर गोष्ट समोर आली की त्यांचा प्रश्न ठरलेला असे: कोणाला विचारलं नाही? इंग्लंडच्या राजाला वाकवून सनद लिहून घेतली ती सरदारांनी, मग शेत कसणाऱ्यांना विचारलं का? अमेरिकेत वसायला आलेल्यांनी जहाजावर बसून आपलं आपण राज्य चालवायचा करार केला, सह्या पुरुषांच्या. बायका काय पोहत आल्या होत्या? व्हर्जिनियात वसाहतीची पहिली निवडून दिलेली सभा भरली आणि काही आठवड्यांत त्याच किनाऱ्यावर गुलाम केलेली आफ्रिकन माणसं उतरवली गेली. या दोन गोष्टी त्या कधी वेगवेगळ्या तासाला शिकवत नसत. "एका दमात सांगायच्या," त्या म्हणायच्या, "नाहीतर एक खोटी होते."

चहाच्या प्रकरणावर तर त्या उभ्याच राहायच्या. बोस्टनच्या बंदरात चहा बुडवला तो महाग झाला म्हणून, असं आमच्यातल्या एकानं लिहिलं होतं. "स्वस्त झाला होता रे! स्वस्त! कर तसाच ठेवून चहा स्वस्त विकायला काढला. म्हणजे लोक आपसूक घेतील आणि कर बसवायचा हक्क कबूल करून बसतील. आपल्याला कोणी काही स्वस्तात द्यायला आलं, की आधी बघायचं तो बदल्यात काय उचलून नेतोय."

हे सगळं पुस्तकातच राहिलं असतं तर आज लोकांनी त्यांना फक्त हुशार म्हटलं असतं.

आमच्या मंडळाच्या गणपतीचं मखर दरवर्षी नंदूदादा आणि त्याचे सोबती बांधायचे. नंदूदादा सिंधुदुर्गातला, एसी मेकॅनिक. वादी अदाई भागात एका फ्लॅटमध्ये ही कोकणातली माणसं एकत्र राहतात. कोणी इलेक्ट्रिशियन, कोणी ड्रायव्हर, कोणी हॉटेलात कुक. हॉलमधल्या खुर्च्या तेच मांडायचे, पंगतीला तेच वाढायचे, वर्गणी आमच्याइतकीच भरायचे. मत मात्र फक्त 'फॅमिली मेंबर'ना. गल्फमध्ये ज्याची बायको-मुलं गावाला आहेत तो बॅचलर. नंदूदादाला दोन मुलं, थोरली दहावीत, तरी मंडळाच्या लेखी तो बॅचलर.

एकदा काकूंचा एसी दुरुस्त करायला तो आला होता, तेव्हा शिकवणी चालू होती. स्टुलावर उभा राहून तो ऐकत होता. खाली उतरल्यावर म्हणाला, "मॅडम, ह्या तर आमचाच झाला. खुर्च्यो उचलूक आमी नि बसूक तुमी."

आम्ही हसलो. काकू हसल्या नाहीत. "तुम्हाला मत हवंय का?" त्यांनी विचारलं.

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "होया. हय नाय तर खय मागूचा?"

तेच तर होतं. या देशात आम्ही सगळे पाहुणे. कामासाठी आलो, काम संपलं की जाणार. इथे मत नाही याचं कोणाला वाईटही वाटत नाही. गावचं मत गावाला राहिलं, निवडणुकीला सुट्टी मिळत नाही. 'मला विचारा' असं म्हणायची नंदूदादाला उरलेली एकच जागा म्हणजे मराठी माणसांचं हे मंडळ. तिथेही तो खुर्च्या मांडून भिंतीला टेकून उभा.

वार्षिक सभेत काकूंनी विषय काढला. मी आईबरोबर मागच्या रांगेत होते. अध्यक्षकाका मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, बोलणं लोण्यासारखं. "अहो वहिनी, आपण एक फॅमिली आहोत. फॅमिलीत कसलं आलंय व्होटिंग? आणि त्या मुलांचं सगळं आम्हीच बघतो ना? त्यांचेच प्रतिनिधी आहोत की आम्ही."

"निवडलं तुम्हाला, त्यांच्यातल्या कोणी?"

"मागे एक मुलगा वारला, तेव्हा बॉडी घरी पाठवायला कोण धावलं?"

"तुम्ही धावलात. मानते मी. राजानंही सैन्य पाठवलं होतं वसाहतींच्या रक्षणाला. नंतर म्हणाला, आता आम्ही सांगू तेवढं द्या आणि गप्प बसा."

"कुठला राजा?" कोणीतरी विचारलं, आणि हॉल हसला. काकूंशेजारी काका मान खाली घालून बसले होते. माझ्या शेजारची बाई आईला म्हणाली, "हिला घरी काही काम नसतं का हो?" हे ती माझ्यासमोर म्हणाली. तिची मुलगी काकूंकडेच शिकत होती.

चहापानानंतर अध्यक्षकाकांनी मोठ्या मनाचा निर्णय जाहीर केला. बॅचलर सभासदांना यापुढे वर्गणी माफ, शिवाय महाप्रसादाला त्यांचा खास सत्कार. टाळ्या पडल्या. काकू नंदूदादाकडे बघत राहिल्या. तो भिंतीपासून पुढे आला, अध्यक्षांसमोर हात जोडले आणि म्हणाला, "अर्बाब, पैशे आमी भरतंव. मत द्या." मालकाला म्हणायचा तो शब्द त्यानं मंडळात पहिल्यांदाच वापरला होता. अध्यक्षकाका म्हणाले, "बघू, बघू."

त्या वर्षी मखर बांधायला कोणी आलं नाही. फॅमिली मेंबरांनी सुट्टीच्या दिवशी थर्माकोल कापला, एकाचं बोट कापलं, खुर्च्या वेड्यावाकड्या लागल्या, आणि या सगळ्याचं खापर काकूंवर फुटलं. शिकवणीची मुलं एकेक करून गळाली. हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. माझ्या आईनं मला काढलं नाही, पण "जपून गं" एवढं म्हणाली. मी एकटीच काकूंच्या डायनिंग टेबलाशी बसू लागले. तक्रार त्यांनी केली नाही. शिकवताना आवाज मात्र आणखी चढला.

त्याच वर्षी वादी अदाईच्या फ्लॅटवर नंदूदादानं आणि सोबत्यांनी स्वतःचा गणपती बसवला होता. पाचव्या दिवशी काकूंना बोलावलं. "चल," त्या मला म्हणाल्या, "सभा नुसत्या वाचतेस. एक घडताना बघ." त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा खुशीत पाहिलं. गाडीत त्या चक्क गुणगुणत होत्या.

छोट्याशा फ्लॅटमध्ये उदबत्ती आणि गुळाचा वास कोंदला होता. स्वयंपाकघरात चार-पाच बायका सकाळपासून मोदक वळत होत्या, बहुतेक नर्स, नाइट ड्युटी करून थेट आलेल्या. वर्गणी त्यांनीही भरली होती. आरती झाली, जेवणं झाली, आणि विसर्जनाच्या आधी पुढच्या वर्षीचे नियम ठरवायला पुरुष सतरंजीवर गोल करून बसले. नंदूदादा म्हणाला, हय सगळे सारखे, प्रत्येकाक एक मत. काकूंचे डोळे भरून आले होते.

मग त्यांनी विचारलं, "आणि आत मोदक करतायत त्यांना?"

नंदूदादा हसला. अगदी आपुलकीनं हसला. "बायकांचा काय ता आमी बघतंव मां, मॅडम."

काकू काही बोलणार, तेवढ्यात त्यानं खूण केली आणि कोणीतरी ताट आणलं. खण, नारळ, तांदूळ, एक साडी. मॅडमनी आमच्यासाठी एवढं केलं म्हणून त्यांचा मान. पुरुषांनी ओटी कशी भरायची, म्हणून ताट माझ्या हातात दिलं. "तू भर गो." आतून एक नर्स ओरडली, "अरे, लग्न न झालेली पोर ओटी भरता काय? काय कळता की नाय तुमका?" पुरुष ओशाळले. मी ताट घेऊन मधोमध उभी. मला काहीच येत नव्हतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

"ठेव ते खाली," काकू म्हणाल्या. मी ठेवलं.

मग त्या नंदूदादाकडे वळल्या. मंडळात त्या ओरडल्या होत्या. इथे आवाज इतका खाली गेला की पंख्याची घरघर ऐकू येत होती. "नंदू, त्या हॉलमध्ये मला जे सांगितलं, तेच तू मला सांगतोयस. त्यांचं आम्ही खपवून घेतलं नाही. तुझं का घ्यायचं?"

"मॅडम, आत्ताच तर सुरवात झाली. हळूहळू…"

"अमेरिकेत सुरुवात झाली तेव्हा त्यांनीही हेच म्हटलं. राजाला हाकललं, मोठी मोठी वाक्यं लिहिली, आणि बायकांना आणि गुलामांना सांगितलं, तुमचं हळूहळू. दीडशे वर्षं लागली बायकांच्या मताला. तेवढं राहणारेस तू वादी अदाईत?"

कोणी हसलं नाही. काकूंनी चपला घातल्या. साडी तिथेच राहिली. परतताना गाडीत त्या एकदाच बोलल्या. "अध्यक्षाचा मला राग आला होता. याचं दुःख झालं. आणि दुःखापेक्षा राग बरा गं, राग घेऊन काम तरी करता येतं."

पुढच्या वर्षी काका निवृत्त झाले. इथे नोकरी संपली की मुक्कामही संपतो. सामान वाटायचं होतं, तेव्हा काकूंनी त्यांचं सगळ्यात मोठं पातेलं वादी अदाईला पाठवलं. मी बघतच राहिले. "भांडण मताचं आहे," त्या म्हणाल्या, "त्यांनी उपाशी राहावं असं कुठे आहे?" मंडळातर्फे निरोप समारंभ झाला नाही. विमानतळावर आम्ही दोघी उभ्या होतो, आणि मला इतकं काही बोलायचं होतं की एकही वाक्य जुळेना, ना मराठीत ना इंग्रजीत. काकूंनी घाई केली नाही. ट्रॉलीला टेकून त्या वाट बघत राहिल्या, परीक्षेच्या उत्तराची बघायच्या तशी. शेवटी काकांनी त्यांना आत नेलं.

अमेरिकेला मी गेले नाही. इथेच नोकरी करते. मंडळानं बॅचलरांना मत केव्हाच दिलंय. मखराशिवाय दोन गणपती काढल्यावर देणं भागच होतं. स्टेजवरून अध्यक्षकाका सांगतात की सर्वांना सामावून घेणं ही आपल्या मंडळाची परंपरा. टाळ्या पडतात. काकूंचं नाव स्टेजवर कोणी घेत नाही. मी टाळ्या वाजवत नाही. मागच्या रांगेत ते कोणाला दिसतही नाही.

वादी अदाईचा गणपती अजून बसतो. यंदा पाचव्या दिवशी मी गेले. मोदक झाले, आरती झाली, पुरुष सतरंजीवर गोल करून बसले. मी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आले आणि त्या गोलात बसले. शेजारच्या दोघांना सरकावं लागलं.

"काय गो, काय होया तुका?" नंदूदादानं विचारलं. त्याचे केस आता पांढरे झालेत.

"मत," मी म्हटलं. आवाज फार मोठा निघाला नसेल, पण निघाला.

दारात एक नर्स येऊन उभी राहिली, हाताला पीठ तसंच. तिच्या मागे दुसरी. नंदूदादानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यानं सभा सुरू केली नाही. मी उठले नाही.